वाढ हवी, बक्षीस नको

मोंताल्वानो,
११ फेब्रुवारी २०१९

ती. फुरिओदादास,
एर्सिलियाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतोस, म्हणून हे लिहूनच कळवते. माझी तब्येत चांगली आहे. भूकंपानंतर घराच्या भिंतींना ज्या लोखंडी पट्ट्या बांधल्या, त्या या थंडीत रात्री कुरकुरतात, पण घर उभं आहे. पट्ट्यांचं कर्जही उभं आहे.

आता मुद्द्याचं. या वर्षी माझी पगारवाढीची पाळी आहे. तू हसशील, कारण तुझ्या वेळी पगारवाढ म्हणजे सरकता जिना होता. दर दोन वर्षांनी प्राध्यापक आपोआप एक पायरी वर जायचा, झोपलेला असला तरी. आणि आई म्हणायची त्याप्रमाणे तू बहुतेक वेळ झोपलेलाच असायचास. तो जिना कधीच बंद पडला. मध्ये काही वर्षं सरकारने पगार गोठवून ठेवले आणि ती वर्षं गेली ती गेलीच. आता पायरी हवी असेल त्याने स्वतः अर्ज करायचा. शिकवलं किती, संशोधन काय केलं, विभागाची कामं कोणती उचलली, हे सगळं मांडायचं. मग आपल्यातल्याच तिघांची समिती पास की नापास ते ठरवते. नापास झालेल्याने वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करायचा. त्याचे न दिलेले पैसे मात्र बुडत नाहीत. ते बक्षीस-निधीत जातात आणि कुणा गुणवंताला मिळतात.

शिकवण्यात मी पास आहे. दोघांचे तास मी एकटी घेते आहे, कारण निवृत्त झालेल्यांच्या जागी कुणी आलंच नाही. कामांतही पास आहे. परीक्षांचं वेळापत्रक लावायचं पाप चार वर्षं माझ्याच माथी आहे. अडतं ते संशोधनात. ठरलेल्या मुदतीत दोन निबंध छापून यावे लागतात आणि माझा एकच आला आहे. मी ज्याचा अभ्यास करते ते दगडफूल खडकावर वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर पसरतं. समितीच्या सोयीसाठी ते घाई करत नाही.

परवा तुझा लाडका सावेरिओ मला खालच्या बारमध्ये कॉफीला घेऊन गेला. तो आता विभागप्रमुख आहे, हे त्याच्या कोटावरूनही कळतं. म्हणाला, द्राक्षवेलींवरच्या बुरशीचा त्याचा निबंध छापायला निघाला आहे, त्यावर पाच नावं आहेत, सहावं माझं घालू. सगळे असंच करतात म्हणे, यंदा त्याने मला, पुढच्या वर्षी मी त्याला. त्या बुरशीशी माझा काय संबंध, असं मी विचारलं. तो म्हणाला, तू वनस्पतिशास्त्र शिकवतेस, एवढा संबंध पुष्कळ झाला.

खरं सांगू, क्षणभर बरं वाटलं. दर महिन्याला थोडे जास्त, ते निवृत्तीपर्यंत, आणि पुढे पेन्शनमध्येही. कर्जाचा हप्ता त्यातच निघाला असता. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तुला काय वाटतं?

तुझ्या मायेची सवय झालेली,
एर्सिलिया


पोर्तो सेरिनो,
२० फेब्रुवारी २०१९

चि. एर्सिलियास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आई तसं म्हणायची हे खरं, पण ती माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल म्हणायची. विषयाला धरून राहावं.

तू विचारलंस म्हणून सांगतो. नाव घालू दे आणि मोकळी हो. निबंधावरचं सहावं नाव म्हणजे लग्नाच्या फोटोतला मागच्या रांगेतला पाहुणा. नवरा कोण, नवरी कोण हे बघणाऱ्याला कळतंच. मागच्याला कुणी विचारत नाही की बाबा तू कुणाकडचा. तुझं दगडफूल थोर आहे, पण बँकेला त्याचं काही नाही. तू दोन माणसांचं काम करतेस आणि दीड माणसाचाही पगार घेत नाहीस. मग नियमाने जे दारातून आत येऊ देत नाहीत ते खिडकीतून आलं, तर त्यात तुझा काय दोष?

सावेरिओ मुलगा चांगला आहे. वेलीवर कात्री कशी धरायची हे मी त्याला शिकवलं. पहिल्या वर्षी त्याने माझा अर्धा मळा चुकीच्या डोळ्यावर कापला होता, तरी मी त्याला ठेवून घेतला. त्याला उपकाराची जाण आहे. तो तुला काही देऊ करत असेल तर माझ्याकडे बघून देत असेल, तेव्हा संकोच नको.

इकडे समुद्र खवळलेला आहे, मासळी महाग. सूनबाईने काल माशांचा रस्सा केला, पण व्हिनेगर घालायला विसरली आणि मी बोललो. आज मला सूप दिलं आहे. तू आलीस तर परिस्थिती सुधारेल.

तुझ्या सुखात ज्याचं सुख आहे तो,
फुरिओ


मोंताल्वानो,
४ मार्च २०१९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मी मानणार होते, शपथेवर सांगते. पण माझ्या हातून एक चूक झाली. मी तो निबंध वाचला.

रविवार होता, बाहेर कार्निव्हलचा गोंगाट, शेजारणीने तळून पाठवलेले साखरेचे गोळे खात बसले होते आणि म्हटलं, आपलं नाव जिथे लागणार ते एकदा बघू तरी. त्यात दोन मळ्यांचं तापमान दिलं आहे. एक खाली नदीकाठचा, दुसरा वर स्मशानाच्या उतारावरचा. एप्रिल महिन्याचे आकडे दोन्हीकडे तंतोतंत तेच. दादा, त्या स्मशानाच्या भिंतीवर माझी दगडफुलं आहेत. मागच्या एप्रिलमध्ये तिथे दोनदा दहिवर गोठून सगळं पांढरं झालं होतं. मी हातमोजे घालून मोजमाप केलं. खाली नदीवर त्याच आठवड्यात लोक शर्टात फिरत होते.

दुसऱ्या दिवशी मी सावेरिओला विचारलं. तो लपवालपवी करणारा नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. वरचं यंत्र बंद पडलं, म्हणून खालचे आकडे वर लावले, म्हणाला. निष्कर्षात फरक पडत नाही. मी म्हटलं, वर थंडी जास्त असेल तर बुरशी उशिरा येणार, आणि बुरशी कधी येते हाच तर निबंध आहे. त्यावर तो हसला, माझ्या कॉफीचे पैसे दिले आणि म्हणाला, "एर्सिलिया, तुला सही करायला सांगितली होती. वाचायला नाही."

रागाने म्हणाला असता तर मी कदाचित भांडून शांत झाले असते. पण तो ते इतक्या सहज, इतक्या प्रेमाने म्हणाला. मी तिथेच सांगितलं, माझं नाव काढ.

मग रसायनशास्त्राची दोमितिल्ला भेटली. त्या निबंधावर दुसरं नाव तिचं आहे. तिने तो वाचलेला नव्हता. वाचत बसले तर मुलांची फी कोण भरणार, असं तिने मलाच विचारलं. दोन मुलगे बोलोन्यात खोली घेऊन शिकतात. मी तिला काही बोलले नाही. तिला बोलायचा मला काय अधिकार? मला कर्ज आहे ते भिंतींचं, आणि भिंतींना भूक लागत नाही.

मी ठरवलं आहे. अर्ज करणार, आणि जो एक निबंध माझा आहे तो एकच लिहिणार. त्याखाली लिहिणार की काम चालू आहे, कधी संपेल ते खडकाला विचारा. नापास करतील तर करू देत. तू रागावू नकोस. आणि सूनबाईच्या रश्शाला नावं ठेवू नकोस, त्या घरात तुझा स्वतःचा सरकता जिना नाही.

तुझी हट्टी बहीण, जिच्यावर लोभ ठेवण्यावाचून तुला इलाज नाही,
एर्सिलिया


मोंताल्वानो,
९ मार्च २०१९

गुरुवर्य प्राध्यापक तार्क्वीनी यांस,
सावेरिओ ग्रिमांदीचा शि. सा. न. वि. वि.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. समुद्राची हवा आपल्याला मानवते हे ऐकून आनंद होतो. वास्तविक आपल्याला त्रास देऊ नये, पण विषय आपल्या भगिनींचा आहे आणि त्या आपल्या शब्दाबाहेर नाहीत.

त्यांच्या पगारवाढीसाठी मी एक सोय केली होती. त्यांनी ती नाकारली. आपण त्यांना ओळखताच. प्रश्न केवळ त्यांच्या पगाराचा असता तर मी आग्रह केला नसता. अडचण अशी आहे की, आमच्या नियमावलीप्रमाणे ज्याचं मूल्यमापन नापास होतं त्याला डॉक्टरेटच्या मंडळावर बसता येत नाही. मंडळावर लागतात तेवढीच माणसं आमच्याकडे आहेत, एकही जास्त नाही. एर्सिलिया गेल्या तर संख्या अपुरी पडेल आणि नव्या वर्षाचा डॉक्टरेटचा वर्ग आम्हाला मिळणार नाही. तीन तरुण मुलं त्याची वाट बघत आहेत. शेजारच्या विद्यापीठातून एखादा सदस्य मागता येतो, पण ते लोक फुकट येत नाहीत. मंडळाचं अध्यक्षपद अर्धं त्यांना द्यावं लागेल, आणि शिष्यवृत्त्यांतला वाटाही. जे आपण उभं केलं ते त्यांच्या ताटात वाढणं मला पटत नाही, आपल्यालाही पटणार नाही.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटेल की मी दबाव आणतो आहे. मैत्रीखातर केलेली गोष्ट मैत्रीखातरच राहावी अशी इच्छा आहे. आपण दोन शब्द लिहिलेत तर त्या ऐकतील. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

आपण लावलेल्या वेलीची आठवण ठेवणारा आपला विद्यार्थी,
सावेरिओ


पोर्तो सेरिनो,
१५ मार्च २०१९

चि. एर्सिलियास,
अनेक आशीर्वाद.

माझं मागचं पत्र चुलीत घाल. तुझ्याकडे चूल नसेल तर शेजारणीकडे दे.

सोबत सावेरिओचं पत्र जसंच्या तसं पाठवतो आहे. त्याने ते तुला दाखवू नये अशा हिशेबाने लिहिलं आहे, पण तसं शब्दांत म्हटलेलं नाही, आणि मी म्हातारा आहे, न लिहिलेलं मला वाचता येत नाही. वाच आणि मग पुढचं वाच.

वाचलंस? तर मी तुला सांगत होतो की तो माझ्याकडे बघून देतो आहे. तो मंडळाकडे बघून देत होता. त्यात गैर काही नाही, विभागप्रमुखाने मंडळ सांभाळायलाच हवं. पण सांभाळायचं होतं तर तुझ्यासमोर बसून सांगायचं, की बाई, तुझ्यावाचून माझं अडलं आहे. अडलेल्याने उपकार करतो म्हणून हात पुढे करावा आणि वर कॉफीचे पैसे द्यावेत, हे मी त्याला शिकवलेलं नाही. आणि तू माझ्या शब्दाबाहेर नाहीस, हे वाचून सूनबाई इतकी हसली की आज मला पुन्हा रस्सा मिळाला.

मी त्याला दोनच ओळी लिहिल्या. पहिली, की बहिणीला सल्ला देऊन झाला आहे आणि तो चुकीचा होता. दुसरी, की वरच्या मळ्यातलं यंत्र दुरुस्त कर.

आता सही कर किंवा करू नकोस असं मी म्हणणार नाही. पण त्या तीन मुलांचा विचार तुला करावा लागेल, ते मी तुझ्यावरून उचलू शकत नाही. कर्जाचे हप्ते मात्र उचलू शकतो. माझी पेन्शन त्या सरकत्या जिन्यावरूनच वर गेलेली आहे, तिचा थोडा उपयोग झाला तर बरं वाटेल. नाही म्हणण्याआधी एक रात्र जाऊ दे.

तुझ्यापेक्षा कमी हट्टी असल्याचा अभिमान सोडलेला,
फुरिओ


मोंताल्वानो,
२९ मार्च २०१९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक रात्र जाऊ दिली. हप्त्यांबद्दल मनापासून आभार, पण नको. तुझी पेन्शन तू मासळीत घाल.

सावेरिओचं पत्र घेऊन मी सरळ त्याच्या खोलीत गेले आणि टेबलावर ठेवलं. तो लाल झाला. मग मी बसले आणि त्या तीन मुलांचं काय ते आधी बोलू म्हटलं. तीन दिवस मला झोप नव्हती ती त्यांच्यापायी. ज्यांना डॉक्टरेट करायची आहे त्यांनी माझ्या ताठ मानेची किंमत का द्यावी? पण दादा, मी जितका विचार केला तितकं एकच दिसत गेलं. मुलांचा वर्ग वाचवायला माझी खोटी सही हा एकच उपाय नाही. शेजारचा माणूस हा उपाय आहे. फक्त तो सावेरिओला महाग पडतो, आणि माझी सही त्याला फुकट पडते.

हेच त्याला सांगितलं. तो म्हणाला, अर्धं अध्यक्षपद गेलं तर विभागाची पत जाईल. मी म्हटलं, वरच्या मळ्यात एप्रिलमध्ये ऊन होतं असं छापून आलं की कुठे जाईल? मला त्याची दयाही आली. माणूस वाईट नाही. बुडत्या नावेत सगळ्यांना बसवायच्या नादात त्याने भोकावर सतरंजी घातली आहे.

काल विभागाची सभा झाली. शेवटी 'इतर विषय' आला तेव्हा मी उभी राहिले. कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच सांगितलं की माझा अर्ज मी दिला आहे, त्यात निबंध एक आहे, आणि तो एकच आहे. समितीने नापास करायचं ठरवलं तर मंडळावरची माझी जागा रिकामी होईल, तेव्हा विभागाने आजच शेजाऱ्यांना फोन करावा, मे महिन्यात धावपळ नको. दोमितिल्ला आपल्या हातांकडे बघत होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पुरवणी प्रश्नही विचारला नाही. सभा संपल्यावर सगळे नेहमीपेक्षा लवकर घरी गेले.

आता वाट बघायची. भीती वाटते आहे, ते तुझ्यापासून काय लपवू.

तुझ्या पाठबळावर उभी,
एर्सिलिया


मोंताल्वानो,
२४ जून २०१९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ईस्टरला तुझ्याकडे येऊन गेले त्यानंतर बरंच झालं आहे, म्हणून हे लांबट पत्र.

मी नापास झाले. समितीचा कागद मे महिन्यात आला. शिकवणं उत्तम, कामं उत्तम, संशोधन अपुरं, सबब वाढ नाही. खाली तिघांच्या सह्या. त्यातल्या एकाने वाटेत थांबवून माफी मागितली. मी म्हटलं, माफी कशाची, तू मोजलंस ते बरोबर मोजलंस, मापच चुकीचं आहे ते बदलायला सभेत हात वर कर. बघू करतो का.

मंडळावरून मी गेले. सावेरिओने अखेर शेजाऱ्यांना फोन केला. एका फोनमध्ये काम झालं. अर्धं अध्यक्षपद गेलं, एक शिष्यवृत्ती गेली, तिन्ही मुलांना मात्र जागा मिळाल्या, कारण शेजाऱ्यांनी आपली एक शिष्यवृत्ती इकडे टाकली. हे सगळं फेब्रुवारीत होऊ शकत होतं. बुरशीचा निबंध सावेरिओने परत मागवला आहे. यंत्र नवीन बसवलं, हे त्याने मला सांगितलं नाही, मी भिंतीवरच्या माझ्या कामाला गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

आणि आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात बक्षिसांची नावं लागली. अध्यापनातल्या विशेष परिश्रमांबद्दल प्राध्यापिका एर्सिलिया तार्क्वीनी, एकरकमी बक्षीस. शिफारस विभागप्रमुखांची. रक्कम बघितली तर माझ्या नाकारलेल्या वाढीच्या एका वर्षाइतकी. मी सांगितलं होतं ना तुला, नापासांचे पैसे कुठे जातात ते? माझ्याच ताटातला पाव उचलला, त्याला लाल फीत बांधली आणि समारंभाने मला परत केला.

संध्याकाळी सावेरिओ घरी आला, मळ्यातली वाइन घेऊन. दोघं गॅलरीत बसलो. त्याला वाटत होतं की हिशेब मिटला. पैसे तेवढेच आहेत, एर्सिलिया, आता तरी हात पुढे कर, असं म्हणाला. मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला की ते तेवढेच नाहीत. वाढ मिळाली की ती दर महिन्याला येते, पेन्शनमध्ये येते, आणि तिच्यासाठी कुणाकडे बघून हसावं लागत नाही. बक्षीस एकदाच येतं, आणि पुढच्या वर्षी यावं म्हणून वर्षभर हसावं लागतं. तो म्हणाला, तू फार ताणतेस. मी म्हटलं, "वाढ हवी, बक्षीस नको." त्याने वाइन संपवली, बाटली ठेवून गेला. वाइन चांगली होती, ती मी परत केली नाही.

दुसऱ्या दिवशी पगार विभागात जाऊन नकाराचं पत्र दिलं. तिथल्या क्विंतोने ते तीनदा वाचलं. बक्षीस परत करण्याची कॉम्प्युटरमध्ये सोयच नाही, म्हणाला, अशी वेळ कधी आलीच नाही. मी म्हटलं, आता आली आहे, सोय करा. त्याने रोमला फोन केला, कुणाला तरी थांबवून ठेवलं, मग कुणी तरी त्याला थांबवून ठेवलं, आणि दुपारपर्यंत उत्तर आलं की यादीतल्या पुढच्या नावाला द्या.

पुढचं नाव दोमितिल्लाचं.

काल ती माझ्याकडे आली. मी ती बोलायच्या आत सांगून टाकलं की घेऊन टाक, मुलांची फी आहे, मला जराही वाईट वाटणार नाही, आणि ते खरंच होतं. तिने खुर्चीही घेतली नाही. बुरशीचा निबंध तिने परवा पहिल्यांदा वाचला म्हणे, आणि वाचून झाल्यावर तिला सावेरिओचा नाही, स्वतःचा राग आला. फीचं काय करायचं ते ती आणि नवरा बघतील, धाकट्याने उन्हाळ्यात काम धरलं आहे. तिला माझ्याकडून फक्त नकाराच्या पत्राचा मजकूर हवा होता, तोच उतरवून खाली नाव बदलायचं होतं.

मी तिला मजकूर दिला नाही. टेबलाशी बसवलं, कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुझं तू लिही.

तासभर लागला तिला. मी मध्ये एकदा कॉफी ठेवली.

तुझ्या प्रेमाची वाढ मात्र अर्ज न करता मिळत राहावी ही विनंती.

तुझी,
एर्सिलिया